भोलाचं नाव त्याला ठाऊक होतं

अंदमानला दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी हे जरूर वाचा. पहिल्यांदा जाणारा माणूस निदान सावध असतो. आपण ओळखीच्या जागी निघालोय असं ज्याला वाटतं, तो सगळी दारं उघडी टाकून बसतो. आमचे 30,800 रुपये असेच गेले.

जानेवारी 2018 मध्ये आम्ही नील बेटावर चार रात्री राहिलो होतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचं नाव शहीद द्वीप झालं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं हे छोटंसं, भाजीपाला पिकवणारं बेट. एका बंगाली कुटुंबाच्या होमस्टेत उतरलो आणि दोन दिवसांत घरचेच झालो. दादा ओहोटीची वेळ बघून आम्हाला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर ती खडकाची नैसर्गिक कमान दाखवायला घेऊन जायचे. बौदी, म्हणजे वहिनी, नारळाच्या दुधात कोळंबी करायच्या. मुलगा सातवीत होता, आणि भोला नावाचा तपकिरी कुत्रा माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपायचा. निघताना बौदींच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

घरी आल्यावर मी ऑनलाइन नकाशावर त्या होमस्टेबद्दल भरभरून लिहिलं. भोला, कोळंबी, सातवीतला मुलगा, दादांची ती मोठी बॅटरी, सगळं. त्यांना चार गिऱ्हाइकं मिळावीत एवढाच हेतू.

डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा जायचं ठरलं. आम्ही दोघं, मुलगी आणि आई. मधल्या काळात माझा फोन बदलला होता, दादांचा नंबर सापडेना. नकाशावर होमस्टे शोधला, तिथल्या नंबरावर फोन लावला. "मैं दादा का भतीजा बोल रहा हूँ," पलीकडून आवाज आला. मी आनंदाने विचारत सुटले. दादा कसे आहेत? बौदींचे गुडघे? मुलाची बारावी झाली असेल ना? तो प्रत्येक वेळी म्हणाला, "हाँ दीदी, अब कॉलेज में है... हाँ दीदी, घुटने अब ठीक हैं." मग आपणहून म्हणाला, "भोला अब भी वैसा ही है, आइए, पहचान लेगा." तिथेच माझी उरलीसुरली शंका संपली.

चार रात्रींचे 12,000, त्यातले निम्मे आगाऊ. त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर पडद्यावर कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, खातं मित्राच्या दुकानाचं आहे. 2018 मध्ये दादा फक्त रोख घ्यायचे, तिथे फोनही धड लागत नव्हता. पण 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, आता तिथेही सगळं बदललं असेल, अशी मीच माझी समजूत घातली. दोन दिवसांनी, "सीझन है, बोट की टिकट नहीं मिलेगी, मैं निकाल देता हूँ," म्हणून चौघांच्या जाण्यायेण्याचे 12,800. पीएनआर नंबर छापलेली सुबक पीडीएफ आली. शेवटी म्हणाला, आधीचे 6,000 सिस्टीममध्ये अडकलेत, पूर्ण 12,000 एकदम टाका, जुने आपोआप परत येतील. तेही टाकले.

एवढ्या दिवसांत एकदाही मी "दादांना फोन द्या" म्हटलं नाही. एकदा म्हटलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं.

जानेवारीत श्री विजयपुरमला, म्हणजे आपल्या जुन्या पोर्ट ब्लेअरला उतरलो आणि हॅडो जेट्टीवर गेलो. खिडकीतल्या मुलाने पीएनआर दोनदा टाकून पाहिला. "मॅडम, ये नंबर सिस्टम में है ही नहीं." मागे रांग, ऊन मी म्हणतंय, आई सामानावर बसलेली. मी त्या 'पुतण्या'ला फोन लावला. बंद.

तिथूनच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवली. पहिला हप्ता जाऊन एकोणीस दिवस झाले होते. पुढे कळलं की रक्कम आली त्याच दिवशी चार खात्यांतून फिरून बाहेर पडली होती; एका खात्यात 2,300 रुपये गोठवलेले सापडले, तेवढेच. पहिल्या तासाभरात कळवलं, तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता बरीच असते. असं काही झालं तर लाजत बसू नका, आधी 1930 फिरवा, नवऱ्याला-बायकोला नंतर सांगा.

दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीची तिकिटं मिळाली आणि आम्ही नीलला पोचलो. बौदींनी मला फाटकातूनच ओळखलं. दादा थकलेत, केस पांढरे झालेत. मी सगळं सांगितलं, तेव्हा ते खाली पायरीवरच बसले. पुतण्या वगैरे त्यांना कुणी नाही. महिन्याभरात आमच्याआधी दोन कुटुंबं अशीच येऊन भांडून गेली होती, आणि दादांना काही उलगडत नव्हतं. नकाशावरचा त्यांचा नंबर कुणीतरी बदलून टाकला होता.

"भोला कुठंय?" मुलीने विचारलं. बौदींनी अंगणातल्या सुपारीकडे बोट केलं. भोला 2021 मध्येच गेला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या माणसाला भोला कुठे भेटला. मीच लिहिलेल्या त्या मजकुरात. बाकीचं सगळं मी फोनवर प्रश्न विचारता विचारता त्याच्या हातात ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी, तिथे जानेवारीत पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आम्ही पायरीवर बसून नकाशाच्या कंपनीकडे दुरुस्तीसाठी अर्ज केला. दादांच्या मुलाने घराच्या पाटीचा फोटो जोडला. मी माझा जुना मजकूर काढून टाकला. बौदींच्या वहीत 2018 च्या पानावर आमची चौघांची नावं अजून होती. त्याच पानावर त्यांनी माझा नवा नंबर लिहून घेतला, आणि दादांचा नंबर कागदावर लिहून माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हाताने ठेवला. खोलीचे पैसे घ्यायला दादा तयारच होईनात; आईने ते देवापाशी ठेवले तेव्हा कुठे गप्प बसले.

निघायच्या सकाळी दादा सोडायला जेट्टीवर आले. नकाशावर तोपर्यंत तोच नंबर होता. आमची बोट लागली, आधीची माणसं उतरली. पाठीवर सॅक घेतलेलं एक तरुण जोडपं फोन पुढे करत दादांपाशीच आलं आणि त्यांच्याच घराचा पत्ता विचारू लागलं. पडद्यावर पावती होती, त्याच ट्रेडर्सच्या नावाची. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मुलीच्या हातात बॅग दिली आणि जोडप्यातल्या त्या तरुणीला विचारलं, "पैसे कधी पाठवले?"

"काल रात्री," ती म्हणाली. मी माझा फोन काढून 1930 लावला.