गोव्यातला उन्हाळा: कूलर, पंखा की एसी, आणि घर किनाऱ्याला की आत?

नागपूर, जळगाव, पुण्याहून बदलीवर गोव्यात आलेल्या माणसाचा एप्रिलमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तापमान तर ३४ आहे, मग जीव इतका कासावीस का होतोय? पणजीत मे महिन्यात कमाल तापमान साधारण ३३-३४ अंश असतं, किमान २६-२७. नागपूरच्या ४३ अंशांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि इथे ती भरदुपारीही ६०-६५ टक्के असते. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, तो वाळला म्हणून होतं. इथे तो वाळतच नाही. ३४ अंशांचा हा दमट उष्मा अंगाला चाळिशी ओलांडल्यासारखा लागतो. म्हणून गोव्यात कुठलीही वस्तू घेताना, घर बघताना मी एवढंच बघतो: यानं घाम वाळायला मदत होईल का?

या कसोटीवर कूलर पहिल्याच फेरीत बाद होतो. सामानाच्या ट्रकमध्ये तो चढवण्याआधी हे वाचा. कूलर पाण्याचं बाष्प करून हवा गार करतो, आणि हवा किती गार होऊ शकेल याची सीमा हवेतला ओलावा ठरवतो. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ती सीमा २५ अंशांच्या जवळ येते, म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात स्वर्ग वाटतो. ३४ अंश आणि ६५ टक्क्यांना तीच सीमा २८ अंशांच्या वर अडकते. शिवाय कूलर खोलीत जी हवा सोडतो ती पाण्यानं भरलेली. अर्धा तास बरं वाटतं, मग चादर ओलसर लागते, मिठाच्या बरणीत गोळे होतात, कपाटाच्या मागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर कूलर आणूच नका. तिकडेच विकून या.

पंख्याला मात्र लोक उगाच कमी लेखतात. हवा ४० अंशांच्या पुढे गेली की पंखा गरम झळाच अंगावर मारतो, त्यामुळे विदर्भात दुपारी त्याचा उपयोग मर्यादित. गोव्यात हवा त्वचेपेक्षा बहुतेक वेळ थोडी तरी गार असते, आणि वाहती हवा घाम उडवते. इथे पंखा हेच पहिलं साधन. साधा छताचा पंखा ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. पावसाळ्याआधीच्या वादळात वीज गेली की हा फरक कळतो. त्याच बॅटरीवर बीएलडीसी पंखा दुपटीहून जास्त वेळ फिरतो. पंखा पलंगाच्या अगदी वर हवा, खोलीच्या भूमितीय मध्यावर असून चालत नाही. हे सांगावं लागतं, कारण भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो नेमका नको तिथे टांगलेला असतो.

खिडक्यांची सवयही बदलावी लागते. देशावर आणि विदर्भात सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून घर बंद करायची रीत आहे आणि तिथे ती योग्यच आहे. गोव्यात किनाऱ्याजवळ एप्रिल-मेमध्ये अकरा-बाराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुरू होतो, पश्चिमेकडून, वायव्येकडून. त्या बाजूची खिडकी उघडी आणि समोरची दुसरी उघडी, एवढं जमलं तर दुपार निभते. फक्त पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली हवी, मग ती पुढे काढलेल्या छपराची असो की बांबूच्या पडद्याची. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर काच तापलेली असते.

याला एक अपवाद आहे आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. तेव्हा कधीकधी सह्याद्रीकडून, पूर्वेकडून कोरडा तापलेला वारा उतरतो आणि समुद्राच्या वाऱ्याला उशिरापर्यंत आत येऊ देत नाही. पारा ३७-३८ ला जातो. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे राज्यातल्या शाळा दुपारी लवकर सोडाव्या लागल्या होत्या. हवामान खातं किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून करतं, मैदानी भागात ४० पासून. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण देशावरून आलेल्या माणसाला ३७ म्हणजे काहीच नाही असं वाटतं आणि तो भर उन्हात स्कूटर काढतो. असे दिवस आले की घर देशावरच्यासारखं बंद करायचं, दुपार उतरली की उघडायचं.

आता एसी. गोव्यात एसीचं खरं काम ओलावा काढणं हे आहे, गारवा त्याच्या मागून येतो. रात्री दहाला पाण्याच्या नळीखाली बादली ठेवा आणि सकाळी बघा, हवेत किती पाणी होतं ते समजेल. म्हणून ‘मोठा घेतलेला बरा’ हा सल्ला इथे चुकतो. छोट्या खोलीत मोठा एसी झटक्यात गार करून थांबतो, ओल मात्र तशीच राहते, आणि माणूस गारठलेला पण चिकट असा झोपतो. खोलीच्या मापाचा इन्व्हर्टर एसी घ्या, तो मंद गतीनं चालत राहतो आणि हवा कोरडी करत राहतो. २०२० पासून नव्या एसींवर सुरुवातीचं तापमान २४ ठेवलेलं असतं. ते २६-२७ करा आणि वर पंखा मंद लावा. प्रत्येक अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो, आणि घाम वाळतो तो वाळतोच. गोव्यातली घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, पण म्हणून रात्रभर १८ वर ठेवायचं कारण नाही.

किनाऱ्यालगत राहणार असाल तर पैसे खारेपणाविरुद्ध खर्च करा. कॉइल तांब्याची आणि गंजरोधक लेपाची, बाहेरचं यंत्र समुद्राच्या थेट तोंडावर नको, ते टांगायचे ब्रॅकेट गंज न धरणारे. कळंगुट-मिरामार भागात बाहेरच्या यंत्राचा पत्रा पापडासारखा सुटतो. तीच वस्तू किनाऱ्यापासून आत, फोंड्यात बरीच जास्त टिकते.

डिह्युमिडिफायर उन्हाळ्यासाठी नको. तो ओल काढतो पण स्वतःची उष्णता खोलीतच सोडतो. जून ते सप्टेंबरमध्ये पुस्तकं, कॅमेरा, चामड्याच्या वस्तू जपायला चांगला.

घराचा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा आहे, आणि इथे माझा कौल स्पष्ट आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, उंच कौलारू छप्पर आणि पुढे बाल्कांव, म्हणजे बसायचे कट्टे असलेली पडवी, असं जुनं घर भाड्यानं मिळत असेल तर एसीशिवायही उन्हाळा काढता येतो. गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते, आणि संध्याकाळी बाल्कांवात बसलं की वारा लागतो. त्या बदल्यात पावसाळ्याआधी कौलं शाकारणं, वाळवी, उंदीर हे सगळं सांभाळावं लागतं. स्लॅबच्या इमारतीत सर्वात वरचा मजला टाळा. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वरून भाजत राहते. तोच मजला घ्यावा लागला तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का बघा. ती पावसासाठी घातलेली असते, पण मे महिन्यातही स्लॅबवर सावली धरते.

किनारा की आत? पणजी, म्हापसा, मडगाव, वास्कोत दिवसाचा पारा कमी आणि वारा खात्रीचा, पण रात्रीही गदगदतं. वाळपई, साखळी, सांगे इकडे दुपार जास्त तापते, वारा उशिरा आणि थकून पोचतो, पण डोंगर आणि झाडी असल्यामुळे पहाट किनाऱ्यापेक्षा गार असते. दिवसभर एसी कार्यालयात असणाऱ्यानं आत राहावं, कारण त्याला घर लागतं ते झोपेसाठी. घरी म्हातारी माणसं, तान्हं मूल असेल आणि दुपार घरातच काढायची असेल तर किनाऱ्याकडचं वाऱ्याचं घर बरं.

खाण्यापिण्याचं इथल्या लोकांकडून घ्या. सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज, मिठाचा खडा आणि सोबत चेपणीतलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. घामातून गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही एका वाडग्यात परत येतात. नुसतं पाणी ढोसून हे होत नाही. कोकमाचं सरबत, शहाळं, नाचणीचं तिजान (पातळ खीर) हेही त्याच रांगेतले. मार्चपासून मिळणारा उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, मात्र उन्हाळ्याचं पेय म्हणून दुपारी पिऊ नका. दारूनं लघवी वाढते आणि शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात म्हणून चिडण्याऐवजी आपली कामंही त्याआधी उरका.

घरात कुणाला उन्हानं असंबद्ध बडबड सुरू झाली किंवा गुंगी आली तर घाम येतोय की नाही हे बघत थांबू नका. अंग भरपूर ओलं करा, वर पंखा लावा आणि १०८ ला फोन करा.

खिशाप्रमाणे क्रम असा लावावा: आधी दोन बीएलडीसी पंखे आणि पश्चिमेच्या खिडकीला सावली, मग इन्व्हर्टर-बॅटरी, मग फक्त झोपायच्या खोलीत एसी. आणि एसी घ्यायचाच असेल तर जानेवारीत बसवून घ्या. एप्रिल उजाडला की बसवणारा माणूस आठवडाभर मिळत नाही.