वॉशिंग्टनची तक्रारखिडकी: पाचपैकी तीन

सोलापुरात पूर्व भागात माझं टायपिंगचं दुकान आहे. आयुष्य लोकांचे अर्ज लिहिण्यात गेलं. भाचीच्या एलएलबीच्या प्रोजेक्टसाठी जागतिक बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलचे, म्हणजे बँकेच्या पैशातल्या प्रकल्पाने नुकसान झालेल्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या मंडळाचे, नियम टाईप केले, तेव्हा सवयीने या खिडकीलाही मार्क दिले.

फी नाही, स्टॅम्पपेपर नको. बाधित दोन माणसं पुरेत, आणि अर्ज मराठीत चालतो! आमच्याकडे मराठी अर्जसुद्धा 'नमुन्यात नाही' म्हणून परत येतो.

पण पॅनेल चौकशी करून अहवाल बँकेच्या संचालकांपुढे ठेवतं, बास. भरपाई देत नाही, काम थांबवत नाही. तपासतं काय, तर बँकेने स्वतःचे नियम पाळले का. मानवी हक्कांचा विषय काढला की बँकेच्या घटनेतलं 'राजकारणात पडू नये' हे कलम ढालीसारखं पुढे येतं.

ही खिडकीसुद्धा सुखासुखी उघडली नाही. 1992 मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने बँकेच्या कर्जातल्या सरदार सरोवर धरणाच्या पुनर्वसनाचे वाभाडे काढले, अमेरिकी काँग्रेसमध्ये बँकेचा निधी अडवण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे 1993 मध्ये पॅनेल आलं. नाक दाबल्यावर तोंड उघडलं! अमेरिकेचा 1977 चा कायदाही आहे: हक्क तुडवणाऱ्या सरकारांच्या कर्जाला बँकेतल्या तिच्या प्रतिनिधीने विरोध करायचा, गरिबांच्या मूलभूत गरजांची कामं सोडून. मात्र एकट्याच्या विरोधाने जागतिक बँकेचं कर्ज सहसा अडत नाही.

म्हणून दोन मार्क कापले. अर्ज करणार असाल तर सह्या विसरू नका. टायपिंग माझ्याकडे, पानाला 20 रुपये.