पिस्टन्सचा तिसरा विजय: लीग पासवरील पूर्ण रेकॉर्डिंगचे परीक्षण

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने इंटरनेटवर दाखवणाऱ्या लीग पास या सेवेची वर्गणी बहुतेक लोक जिंकणाऱ्या संघांसाठी भरतात. मी ती 2023-24 च्या हंगामात डेट्रॉइट पिस्टन्ससाठी भरली होती. तो हंगाम या संघाने 14 विजय आणि 68 पराभवांवर संपवला, हे लक्षात घेता माझ्या व्यवहारज्ञानाविषयी कोणी शंका घेतली तर ती रास्तच म्हणावी लागेल. तरीही या सेवेचे मोल सांगताना मी त्या 82 सामन्यांपैकी एकच सामना समोर ठेवणार आहे. तो 30 डिसेंबर 2023 रोजी डेट्रॉइटच्या लिटल सीझर्स अरेनामध्ये झाला आणि त्यात पिस्टन्सने टोरांटो रॅप्टर्सना 129-127 असे हरवले.

त्याआधी काय घडले होते ते सांगितल्याशिवाय या दोन गुणांचे वजन कळणार नाही. पिस्टन्सने हंगामातील पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकले होते आणि 28 ऑक्टोबरला शिकागो बुल्सवर मिळवलेला विजय हा त्यांचा शेवटचा विजय ठरला होता. त्यानंतर 28 सामने संघ सलग हरला. 26 डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध पिस्टन्सचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅमने एकट्याने 41 गुण केले, तरी सामना 118-112 असा गेला आणि एकाच हंगामात सलग 27 पराभवांचा नवा उच्चांक पिस्टन्सच्या नावावर लागला. दोन दिवसांनी बोस्टनमध्ये हाच संघ एका टप्प्यावर 21 गुणांनी पुढे होता, आणि तरीही ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) 128-122 असा हरला. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सनी 2014-15 आणि 2015-16 अशा दोन हंगामांत मिळून केलेल्या सलग 28 पराभवांशी त्या रात्री बरोबरी झाली. पुढच्या वर्षी चांगले नवे खेळाडू आधी निवडता यावेत म्हणून पिस्टन्स मुद्दाम हरत होते असेही म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षी मॉन्टी विल्यम्स यांना प्रशिक्षक म्हणून 6 वर्षांसाठी सुमारे 7 कोटी 85 लाख डॉलर्सचा करार देण्यात आला होता, आणि हरण्यासाठी एवढा खर्च कोणी करत नाही.

बास्केटबॉलमध्ये अनपेक्षित निकाल तसे कमी लागतात. फुटबॉलमध्ये एका गोलावर अख्खा सामना फिरू शकतो. इथे 48 मिनिटांत प्रत्येक संघाच्या हाती सुमारे शंभर वेळा चेंडू येतो आणि नशिबाचा वाटा त्या शंभर संधींमध्ये विरघळून जातो. म्हणूनच या खेळात कमकुवत संघ कमकुवत असल्याचे फार लवकर आणि फार स्पष्टपणे दिसते. असे असले तरी व्यावसायिक खेळाडूंचा संघ सलग 28 वेळा हरणे हीदेखील तितकीच दुर्मीळ गोष्ट आहे, आणि मला वाटते की शेवटच्या दहा-बारा सामन्यांत पिस्टन्स प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्वतःच्या आकड्याशीच अधिक खेळत होते.

आता सेवेकडे वळतो. लीग पासवर झालेल्या सामन्याचे पूर्ण रेकॉर्डिंग मिळते, सुमारे दहा मिनिटांची संक्षिप्त आवृत्ती मिळते, बहुतेक सामन्यांना यजमान किंवा पाहुण्या संघाच्या बाजूचे समालोचन निवडता येते, आणि ज्यांना निकाल आधी कळू द्यायचा नाही त्यांच्यासाठी गुणसंख्या लपवण्याची सोय आहे. ही शेवटची सोय मी सर्वांत मोलाची मानतो, आणि हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला तिची गरज जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्यापेक्षा जास्त असते. निकाल कळलेला पराभव कोणीच अडीच तास बसून पाहत नाही. न कळलेला पराभव मात्र चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत सहज पाहवतो. (कोणत्याही रेकॉर्डिंगची लांबी मात्र लपत नाही. पंधरा-वीस मिनिटे जास्त दिसली की ओव्हरटाइम झाला हे चाणाक्ष प्रेक्षकाला सामना सुरू होण्यापूर्वीच कळते. बोस्टनच्या सामन्याला तसे कळल्यामुळे मी उगाच आशा धरून बसलो होतो.)

टोरांटोचा सामना मी गुण लपवून, डेट्रॉइटच्या बाजूच्या समालोचनासह, पूर्ण पाहिला. नंतर कुतूहल म्हणून त्याची संक्षिप्त आवृत्तीही पाहिली, आणि या दोहोंतील फरक हाच या परीक्षणाचा गाभा आहे. संक्षिप्त आवृत्तीत कनिंगहॅमचे 30 गुण आणि 12 असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला थेट कारण ठरलेले पास) यांतले बरेच काही दिसते. जेलन ड्यूरनने, म्हणजे नुकत्याच विशीत आलेल्या आणि बास्केटजवळ खेळणाऱ्या सेंटरने, 18 गुणांबरोबर 17 रिबाउंड घेतले, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतरचे चेंडू पकडले, त्यातील देखणे तेवढे दिसते. टोरांटोच्या पास्कल सियाकमने 35 गुण करून विजय हिरावून घेण्याच्या बेतात सामना आणला होता, हेही समजते. पण ही आवृत्ती पाहणाऱ्याला वाटेल की दोन चांगल्या संघांमध्ये एक चुरशीची लढत झाली. त्या संध्याकाळी जे चालले होते ते तसे मुळीच नव्हते.

पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक आघाडी संशयास्पद वाटते. दोनच दिवसांपूर्वी 21 गुण पुरले नव्हते, तर आता किती पुरतील, हा प्रश्न खेळाडूंच्या हालचालींतही जाणवतो: साधा पास देण्यापूर्वीचा क्षणभराचा विलंब, फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या रेषेवर चेंडू एक वेळ जास्त आपटणे, टाइमआउटमध्ये प्रशिक्षकांकडे न पाहता जमिनीकडे पाहणे. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावरही घड्याळ थांबते, मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, पंच पडद्यावर चित्रण तपासतात, आणि घड्याळातील एकशेवीस सेकंदांना खोलीतली दहा-पंधरा मिनिटे लागतात. संक्षिप्त आवृत्ती नेमका हाच रिकामा वेळ कापते. मी मात्र वर्गणी त्याच वेळासाठी भरली होती, असे आता वाटते. कारण 28 पराभवांची भीती ज्या जागी उभी असते ती जागा बास्केटमध्ये नसून दोन बास्केटच्या मधल्या या थांब्यांत असते.

या सगळ्यात कनिंगहॅमचा खेळ वेगळा उठून दिसतो. 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेला आणि आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा हा गार्ड घाई करत नाही; सहकाऱ्याच्या स्क्रीनचा, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याचा आधार घेऊन बचावपटूला पाठीवर ठेवतो आणि मग आत जायचे की ड्यूरनला चेंडू उंच द्यायचा हे ठरवतो. अनेक पराभवांत हाच संथपणा मला आळस वाटला होता. त्या दिवशी मैदानावर शांत दिसणारा तोच एक होता.

विजय किती मोठा होता, याबाबत मात्र चाहत्यांनी स्वतःची फसवणूक करू नये. त्याच दिवशी टोरांटोने ओजी अनुनोबीला न्यू यॉर्क निक्सकडे पाठवण्याचा मोठा व्यवहार केला होता आणि त्याच्या बदल्यात मिळालेले आरजे बॅरेट व इमॅन्युएल क्विकली या सामन्यात खेळले नाहीत. म्हणजे समोरचा संघ अर्धवट होता आणि तरीही फरक दोनच गुणांचा राहिला. समालोचनात जो जल्लोष ऐकू येतो तो अजिंक्यपदाला शोभणारा आहे, आणि 2004 मध्ये लेकर्सना 4-1 असे हरवून ज्या संघाने खरोखर अजिंक्यपद मिळवले होते त्याच्या समर्थकाला तो ऐकताना थोडे ओशाळल्यासारखे होते. मीही ओरडलो होतो, हे कबूल करतो.

घेण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत संघाच्या स्वतःच्या प्रक्षेपण क्षेत्रात राहणाऱ्यांना या सेवेवर त्या संघाचे सामने थेट दिसत नाहीत, रेकॉर्डिंगही काही काळाने खुले होते. त्यामुळे डेट्रॉइटमध्ये राहून पिस्टन्ससाठी ही वर्गणी भरणे फारसे उपयोगाचे नाही. राष्ट्रीय वाहिन्यांवरील सामन्यांनाही तिथे असेच निर्बंध असतात, परंतु पराभवांच्या मालिकेतील संघ त्या वाहिन्यांवर क्वचितच झळकत असल्याने ही अडचण आपोआप हलकी होते.

पूर्ण रेकॉर्डिंगला मी पाचपैकी साडेचार तारे देईन, संक्षिप्त आवृत्तीला दोन. 1 जानेवारी 2024 रोजी ह्यूस्टनमध्ये पिस्टन्स पुन्हा हरले. तो सामनाही मी गुण लपवूनच लावला होता, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये बंद केला.