11,210 रुपयांचे प्रवेश-मार्गदर्शन: नागपुरातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

यवतमाळला बारावी झालेल्या माझ्या भाचीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी 2025 च्या जून महिन्यात आम्ही नागपुरात शंकरनगर चौकाजवळच्या एका खासगी प्रवेश-मार्गदर्शन केंद्राचे ‘संपूर्ण पॅकेज’ घेतले. शुल्क 9,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे एकूण 11,210 रुपये आगाऊ भरावे लागले. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप त्या एका कार्यालयापेक्षा ही सेवा ज्या रीतीने विकली जाते त्या रीतीवर अधिक आहे.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, वातानुकूलित आणि स्वच्छ आहे. नागपूरच्या जूनमध्ये ही सोय क्षुल्लक नव्हे, आणि बाहेर बाकावर बसलेल्या पालकांपैकी निम्मे केवळ त्या गारव्यामुळे पैसे भरायला राजी झाले असावेत अशी मला शंका आहे. भिंतीवर गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे होती आणि त्यांखाली मोठ्या अक्षरांत एक दावा होता: केंद्राच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना ‘पहिल्या तीन पसंतींतच’ प्रवेश मिळाला. हा दावा वाचून माझी बहीण प्रभावित झाली. मीही झालो, हे कबूल केले पाहिजे. त्याचा खरा अर्थ पुढे महिनाभराने ध्यानात आला.

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यानंतर कोणतेही केंद्र कोणाचाही गुणवत्ता क्रमांक एका अंकानेही वर नेऊ शकत नाही. तरीही ‘प्रवेशाची शक्यता वाढवून देतो’ ही भाषा वापरली जाते आणि आपण ती ऐकून घेतो. निकालानंतर कुटुंबाच्या हातात उरते ते एवढेच, की कागदपत्रे वेळेत आणि योग्य नमुन्यात असावीत, पसंतीक्रम विचारपूर्वक भरला जावा आणि प्रत्येक फेरीनंतरचा निर्णय नियम समजून घेतला जावा. त्यामुळे या सेवेचे मोजमापही मी त्याच आधारावर करतो.

कागदपत्रांच्या बाबतीत या केंद्राचे काम उत्तम होते. पहिल्याच बैठकीत तेथील बाईंनी बहिणीने प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेला सगळा गठ्ठा टेबलावर पसरवला आणि दहा मिनिटांत दोन दोष काढले. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्च 2025 रोजी संपलेली होती, आणि 2025-26 च्या प्रवेशासाठी ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध असणे आवश्यक होते. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेला चालणारे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांच्या (आयआयटी, एनआयटी वगैरे) जोसा या संयुक्त प्रवेशप्रक्रियेत चालत नाही. तेथे ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेले लागते, शिवाय जात केंद्र सरकारच्या यादीत असावी लागते. आमच्याकडे फक्त राज्याचे होते. बाईंनी अर्जासोबत काय जोडायचे ते एका कागदावर लिहून दिले, आणि बहीण दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या बसने यवतमाळच्या सेतू केंद्रात जाऊन रांगेत उभी राहिली. जातवैधता प्रमाणपत्र सुदैवाने अकरावीतच काढून ठेवलेले होते. ते नसते तर राखीव जागेवरचा दावा जाऊन मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली गेली असती, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

केंद्रीय संस्थांविषयीचा सल्लाही प्रामाणिक होता. व्हीएनआयटीत, म्हणजे नागपूरच्या एनआयटीत, निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी असतात, परंतु बुटीबोरीकडच्या आयआयआयटीत गृहराज्याचा असा वाटा नसतो, त्यामुळे एकाच गुणांवर दोन्हींचा अंदाज बांधू नये, असे त्यांनी समजावले आणि भाचीचे जेईई मेनचे गुण पाहून ‘येथे आशा धरू नका’ असे सरळ सांगितले. कडू असले तरी ते खरे होते.

घसरण सुरू झाली ती ‘भाकीत अहवाला’पासून. पॅकेजमधला हा सर्वांत महागडा भाग होता: चाळीस पानांचा, स्पायरल बांधणीचा, रंगीत तक्त्यांचा दस्तऐवज, ज्यात प्रत्येक महाविद्यालयासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका होता. हिरवा म्हणजे मिळेल, लाल म्हणजे विसरा. रात्री घरी भाचीने आणि मी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून आदल्या वर्षीचे अधिकृत कट-ऑफ उतरवून घेतले आणि अहवालाशी ताडून पाहिले, तेव्हा तिसऱ्याच ओळीवर अडखळलो.

ज्यांनी ते तक्ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या प्रक्रियेतले बहुतेक गैरसमज येथेच जन्मतात. प्रत्येक शाखेचा कट-ऑफ एक नसतो. तो प्रवर्गाच्या संकेतांनुसार अनेक रकान्यांत विभागलेला असतो. संकेताचे पहिले अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचे अक्षर एच, ओ किंवा एस असते: एच म्हणजे गृह विद्यापीठ (बारावी जेथून झाली त्या भागाचे विद्यापीठ), ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. जेथे ही विभागणी लागू आहे तेथे 70 टक्के जागा गृह विद्यापीठाच्या आणि 30 टक्के बाहेरच्यांच्या असतात. बारावी यवतमाळ जिल्ह्यातून झालेली असल्याने भाचीचे गृह विद्यापीठ अमरावतीचे ठरते. ती दोन वर्षे सुट्टीत माझ्या घरी राहून शिकवणीला गेली म्हणून नागपूरची होत नाही. अहवालात मात्र नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातील सगळ्या महाविद्यालयांसमोर एच रकान्यातले आकडे वापरलेले होते, म्हणजे तिच्या स्पर्धेत नसलेल्या मुलांचे. दुसरीकडे, मुलींच्या राखीव जागांचे आकडे कोठेही विचारात घेतलेले नव्हते. काही ठिकाणी तर शुल्कमाफी योजनेच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांचा कट-ऑफ छापलेला होता. त्या जागा अधिसंख्य (मंजूर जागांखेरीज जादा) आणि अवघ्या 5 टक्के असल्याने त्यांचा कट-ऑफ सहसा वर जातो आणि पसंतीक्रमात त्यांचा पर्याय-क्रमांकही वेगळा भरावा लागतो. त्यामुळे कित्येक लाल ठिपके पिवळे असायला हवे होते आणि काही हिरवे ठिपके तर निव्वळ दिशाभूल होते.

दुसऱ्या दिवशी हे दाखवल्यावर तेथील तरुण समुपदेशकाने ‘टेन्शन घेऊ नका जी, सॉफ्टवेअर आपोआप काढतं’ असे उत्तर दिले. सॉफ्टवेअरला मुलीची बारावी कोठे झाली हे कोणी सांगितलेच नव्हते. अर्जातला तो रकाना रिकामा होता.

नंतर पसंतीक्रम भरण्याची बैठक झाली आणि भिंतीवरच्या दाव्याचा उलगडाही तेथेच झाला. समुपदेशकाने तयार केलेल्या यादीत वरच्या तिन्ही जागांवर भाचीला हमखास मिळतील अशी महाविद्यालये होती आणि तिला मनापासून हवी असलेली खाली ढकललेली होती. कारण विचारता ‘न मिळणारी कॉलेजेस वर टाकून पर्याय वाया घालवू नका’ असे सांगण्यात आले. हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. जागावाटप करताना संगणक गुणवत्ता क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो, त्याच्या यादीत वरून खाली येतो आणि जी पहिली जागा शिल्लक सापडेल ती देतो. पहिला पर्याय मिळाला नाही म्हणून दुसऱ्यावरचा हक्क कमी होत नाही. अर्जात 300 पर्यंत पर्याय भरता येत असताना ‘वाया जाणे’ ही भीतीच निराधार आहे.

2025 च्या नियमांमुळे हा सल्ला नुसता चुकीचा न राहता हानिकारक झाला. त्या वर्षीपासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि अनिवार्य स्वीकृतीची अट कडक झाली: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला, की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांची वाट बंद होते. वरच्या तीन जागांवर हमखास मिळणारे महाविद्यालय ठेवले, तर मूल पहिल्या-दुसऱ्या फेरीतच त्यात अडकते. केंद्राच्या भिंतीवर मात्र ‘पहिल्या तीन पसंतींत प्रवेश’ म्हणून आणखी एक छायाचित्र चढते. केंद्राने हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. पण ज्या मापाने केंद्र स्वतःचे यश मोजते ते माप विद्यार्थ्याच्या हिताचे नाही, एवढे निश्चित.

आम्ही यादी घरी नव्याने लिहिली. त्यासाठी सलग दोन दिवस भाचीला घेऊन महाविद्यालये पाहिली. मेट्रोने लोकमान्यनगरपर्यंत, तेथून ‘आपली बस’ या शहर बसने आणि ऑटोने हिंगणा मार्गावर, परत फिरून काटोल मार्गावर. प्रयोगशाळा पाहिल्या, वसतिगृहाची खोली पाहिली, खानावळीत जेवलो, आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिने अर्धा तास गप्पा मारल्या. त्या अर्ध्या तासात तिला जे कळले ते चाळीस पानांत नव्हते. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्कही आम्ही संकेतस्थळावर पाहून घेतले. समुपदेशकाचा पहिला क्रमांक आमच्या यादीत अकरावा झाला.

पर्याय निश्चित करताना केंद्राने लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी मागितला. ‘आम्हीच भरून देतो, सर्व पालक देतात.’ मी दिला नाही, आणि कोणीही देऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण एकदा पर्याय-अर्ज निश्चित झाला की ती यादी विद्यार्थ्याचीच समजली जाते आणि नंतर ती कोणी भरली हा वाद कोणी ऐकत नाही. माझ्या नकारावर थोडी नाराजी दिसली. बाकी त्रास झाला नाही.

पहिल्या फेरीत काही हाती लागले नाही. दुसऱ्या फेरीत आठवा पर्याय मिळाला, जो अनिवार्य नव्हता, म्हणून 1,000 रुपये जागा-स्वीकृती शुल्क भरून तो राखला आणि पुढे सुधारणेसाठी थांबलो. या टप्प्यावर मला खरोखर सल्ल्याची गरज होती, परंतु पॅकेजमध्ये ‘सर्व फेऱ्यांत सोबत’ असे छापलेले असूनही दोन दिवस दूरध्वनी उचलला गेला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला तो वेगळ्याच प्रस्तावाचा: संस्थास्तरावरच्या, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागेवर ‘आपली ओळख आहे’, लगेच ठरवावे. शुल्काखेरीज वेगळी रक्कम घेणे 1987 च्या कायद्याने बंद आहे आणि संस्थास्तरावरच्या जागाही अर्ज मागवून गुणवत्तेनेच भरायच्या असतात, हा भाग बाजूला ठेवू. मला अधिक खटकले ते न सांगितलेले. जुलै 2024 पासून 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण माफी आहे, मात्र ती राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच. संस्थास्तरावरची जागा घेतली असती, तर चार वर्षांची ती माफी बहिणीने एका फोनवर गमावली असती. आमची मिळकत, प्रवर्ग, सर्व माहिती केंद्राच्या नोंदीत होती.

तिसऱ्या फेरीत पाचवा पर्याय मिळाला: हिंगणा मार्गावरील महाविद्यालय, इलेक्ट्रॉनिक्स शाखा. पहिल्या सहांत असल्याने जागा आपोआप गोठली आणि भाचीला ती हवीच होती. अहवालात तिच्यासमोर लाल ठिपका होता.

जिच्या घरी हे नियम वाचून समजावणारे कोणी नाही अशा मुलीला केंद्राची गरज नाही, असे मी म्हणणार नाही. शासनाची सुविधा केंद्रे अर्ज व कागदपत्रांची पडताळणी करून देतात, पण गर्दीच्या दिवसांत तेथे बसून यादीची चर्चा करायला कोणाला सवड नसते, हे वास्तव आहे. त्या बाईंनी पहिल्या बैठकीत जे काम केले त्याचे मोल मला मान्य आहे. प्रमाणपत्राची ती चूक पडताळणीच्या दिवशी लक्षात आली असती, तर धावपळीत काय झाले असते याची कल्पना करवत नाही. उरलेल्या पॅकेजसाठी, म्हणजे ठिपक्यांच्या अहवालासाठी, तयार यादीसाठी आणि न उचललेल्या फोनसाठी, मी एक रुपयाही पुन्हा देणार नाही. आणि एक बारीक गोष्ट: 18 टक्के कर घेऊन दिलेल्या पावतीवर जीएसटी क्रमांक नाही. दोनदा मागूनही सुधारित पावती मिळालेली नाही.

धाकटा भाचा पुढच्या वर्षी बारावीला आहे. केवळ कागदपत्रांची तपासणी 1,500 रुपयांपर्यंत स्वतंत्रपणे करून द्याल का, असे मी त्या बाईंना विचारले. त्यांनी आतल्या केबिनकडे पाहिले आणि तसे पॅकेज नसल्याचे सांगितले.