लोगोच्या ट्रेडमार्कपायी १८,८८० रुपये गेले, डिझायनर मंडळींनो सावध राहा

आधी आकडे सांगते. ११,८०० आणि ७,०८०, एकूण १८,८८० रुपये. शेंगा चटणीच्या पाकिटांपासून चादरीच्या लेबलांपर्यंत लोकांची डिझाइनं करून साठवलेले. आणि गेले कशात, तर माझ्याच लोगोत.

क्लाएंटचा लोगो रात्रीत होतो, स्वतःचा काही केल्या होत नाही, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. नावाची दोन अक्षरं धोट्याच्या आकारात बसवता बसवता उन्हाळा गेला. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. वडील यंत्रमागावर होते, म्हणून धोटा. मग कार्ड, लेटरहेड, कोटेशन सगळं त्याच रूपात बांधलं. एकाची फाइल दुसऱ्याच्या नावाने खपलेली पाहिली आहे, म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज मीच ऑनलाइन भरला. क्लास ४२, म्हणजे डिझाइन सेवांचा वर्ग, व्यक्तीच्या नावाने, सरकारी फी ४,५००. इथपर्यंत सगळं नीट.

थोड्या दिवसांनी स्टेटस दिसलं, 'सेंड टू व्हिएन्ना कोडिफिकेशन'. लोगोत चित्र असलं की ही पायरी येते. चित्रात काय आहे त्यावरून कोड देतात, म्हणजे सारखे लोगो शोधता येतात. याला एक रुपयाही लागत नाही. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली: व्हिएन्ना कोडिफिकेशन शुल्क १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ४८ तासांत भरा, नाहीतर अर्ज रद्द. पाठोपाठ फोन. "मॅडम, ट्रेडमार्कच्या मुंबई ऑफिसातून बोलतोय."

मला हसण्याआधी हे वाचा. त्या पीडीएफमध्ये माझा अर्ज क्रमांक होता, जुळे सोलापूरचा पत्ता होता, आणि मी अपलोड केलेला काळा-पांढरा धोटा जसाच्या तसा होता. ती फाइल मी कुणालाच दिली नव्हती. अर्जातलं हे सगळं सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसतं, हे फॉर्म भरताना कुणाच्या डोक्यात येतं?

पण ते सिंह! लेटरहेडवरची राजमुद्रा आडवी ताणलेली होती आणि खाली 'सत्यमेव जयते' नव्हतंच. क्लाएंटने लोगो कोपऱ्याला धरून ओढला तर फोनवर आवाज चढवणारी बाई मी. ते पसरलेले सिंह मला दिसले. दिसले, आणि मनात म्हटलं, सरकारी काम, कोण बघतंय. आणि पिन टाकला. पैसे कुणाला जाताहेत तेही स्क्रीनवर होतं, कुठलेसे ट्रेडर्स. सरकारी फी ट्रेडर्सच्या खात्यात कधीपासून जायला लागली? माझ्या खऱ्या ४,५०० च्या पावतीवर जीएसटी नाही, आणि ती पावती त्याच फोल्डरमध्ये पडली होती. पैसे भरण्याआधी जुनी पावती उघडून शेजारी ठेवा.

मग त्यांनीच मागितले जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क ऑफिसच्या जाहीर पत्रिकेत, छापायचे ७,०८०. जर्नलमध्ये आल्यावर हरकतीला ४ महिने असतात हे वाचलेलं होतं, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटला. त्याचीही वेगळी फी नसते, सर्टिफिकेटचीही नसते. बदल्यात 'प्रोव्हिजनल सर्टिफिकेट' आलं आणि मी हौसेने कार्डांवर गोलातला आर छापून घेतला. नोंदणी नसताना तो लावणं गुन्हा आहे, तोवर फक्त टीएम लावा. म्हणजे लुटलं मला आणि गुन्हेगारही मीच. ५०० कार्डं रद्दीत, त्याचे १,१०० वेगळे. मामेभाऊ वकील आहे. त्याला सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "रक्कम किती?" सांगितल्यावर पेन खाली ठेवलं. "ताई, इथं लोकांचे लाखो गेलेत." मग काय, हजारांत चोरी माफ आहे? पुढे, "चित्राला कशाला पैसे भरायचे?" एफआयआर नाहीच, साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का कपाटात, चावी साहेबांकडे आणि साहेब गड्ड्याच्या जत्रेच्या बंदोबस्तावर. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, तरी एफआयआर आणा, बघू. ठाण्यात म्हणाले, आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं तर टेबलावरचा माणूस बदललेला, पुन्हा पहिल्यापासून, "रक्कम किती?" लोगो म्हणजे काय इथून सुरुवात. चोराला माझा क्लास पाठ होता, यांना माझं नाव धड लिहिता येईना.

तेव्हा पैसे गेल्या क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. मला कळेपर्यंत ते पुढे सरकले होते. आणि मुदतीची धमकी आली की फोन ठेवा, स्टेटस वेबसाइटवर स्वतः बघा.

परवा त्याच नंबरवरून नवीन मेसेज आला: सर्टिफिकेट कुरिअरचे २,३६०. स्क्रीनशॉट काढून ठाण्यातल्या साहेबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.