आराम नगरचा ऑडिशन-बाजार: वशिला नसणाऱ्याला इथे नेमकं काय मिळतं

अंधेरी पश्चिमेला वर्सोव्यात आराम नगर नावाची म्हाडाची जुनी बैठी वसाहत आहे, भाग एक आणि भाग दोन. पत्र्याची-कौलांची छपरं, अरुंद गल्ल्या, आणि घरांच्या जागी कास्टिंग ऑफिसं, तालमीच्या खोल्या, ‘हरकत स्टुडिओज’सारखे छोटे रंगमंच. हिंदी सिनेमा, वेब सिरीज, मालिका आणि जाहिराती यांच्या कलाकार-निवडीचं बरंच काम इथून आणि शेजारच्या यारी रोड, सात बंगला, ओशिवरा भागातून चालतं. घराणं नाही, ओळख नाही अशा मुलाला मुंबईत आल्यावर हाच पत्ता सांगतात. म्हणून सेवा म्हणून ही जागा कशी आहे, काय देते, काय देत नाही आणि पैसे कुठे अडकतात, ते इथे मांडतोय.

मत आधीच सांगतो. एका दिवसाच्या कामापासून ते सिरीजमधल्या दमदार सहाय्यक भूमिकेपर्यंत ही व्यवस्था खरी आहे. चांगली टेस्ट (कॅमेऱ्यासमोरची ऑडिशन) दिली तर ती बघितली जाते आणि त्यातून काम मिळतं. पण मोठ्या चित्रपटातल्या नायक-नायिकेची जागा इथे येईपर्यंत बहुतेक वेळा भरलेली असते. हे नीट समजून आलात तर आराम नगर उपयोगाचं आहे. न समजता आलात तर चार-पाच वर्षं सहज जातात.

नायकाची जागा बाहेर कशी भरते ते जुन्या उदाहरणांत स्पष्ट दिसतं. 1973 मध्ये राज कपूरनी ‘बॉबी’तून ऋषी कपूरला नायक केलं. 1981 मध्ये राजेंद्रकुमारनी ‘लव्ह स्टोरी’तून कुमार गौरवला आणि सुनील दत्तनी ‘रॉकी’तून संजय दत्तला आणलं. 1983 मध्ये धर्मेंद्रनी सनी देओलसाठी ‘बेताब’ काढला, 2000 मध्ये राकेश रोशननी हृतिकसाठी ‘कहो ना... प्यार है’. निर्माता किंवा दिग्दर्शक वडीलच असल्यावर त्या भूमिकेसाठी बाहेर ब्रीफ, म्हणजे कसा कलाकार हवा त्याचं वर्णन, निघायचा प्रश्नच नव्हता. आता पद्धत बदलली आहे: स्टुडिओ किंवा कलाकारांची कामं सांभाळणारी मॅनेजमेंट कंपनी नवा चेहरा आधी करारबद्ध करते, काही वर्षं त्याच्यावर मेहनत घेते आणि मग चित्रपट ठरवते. 2025 च्या ‘सैयारा’त हे शेजारी शेजारी दिसलं. चंकी पांडेचा पुतण्या अहान पांडे यशराजच्या छत्राखाली बराच काळ तयार होत होता. समोरची अनीत पड्डा फिल्मी घराण्यातली नाही, आणि तिच्यामागे आधी छोट्या भूमिका आणि एका सिरीजचं काम होतं. दोघांचंही काम लोकांना आवडलं. फरक इतकाच की एकाला वाट बघायला घर होतं, दुसरीला वाट बघताना कामं करावी लागली.

माझ्या मते घराण्याचा खरा फायदा पहिल्या चित्रपटात नसून दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या चित्रपटात असतो. अभिषेक बच्चनची सुरुवात 2000 च्या ‘रेफ्युजी’ने झाली. 2004 मध्ये ‘युवा’ आणि ‘धूम’ येईपर्यंत मधले बरेच चित्रपट पडले, तरी कामं येत राहिली. बाहेरच्या मुलाचे दोन चित्रपट पडले की फोन बंद होतो. नुसत्या नावावर सगळं निभावतं असंही नाही, कुमार गौरवची पहिल्या चित्रपटाची लाट पुढे टिकली नाही. पण चुका करायची सवलत ही मोठी दौलत आहे, आणि ती आराम नगरमध्ये कुणीही विकत देऊ शकत नाही. ‘लाँच करतो’ म्हणणाऱ्याशी बोलताना एवढं पक्कं लक्षात ठेवा.

आता व्यवस्था आतून कशी चालते ते. पटकथा तयार झाली की कास्टिंग डायरेक्टरकडे पात्रांची यादी येते. मुख्य दोन-तीन नावं प्रॉडक्शन आणि ओटीटी प्लॅटफॉर्मने आधीच धरलेली असतात. उरलेल्या पात्रांचे ब्रीफ लिहिले जातात: वय, बांधा, भाषा, लहेजा, शूटिंगच्या तारखा. ते व्हॉट्सॲप ग्रुप, इन्स्टाग्राम पानं आणि कोऑर्डिनेटरांकडून (कलाकार मिळवून देणाऱ्या मध्यस्थांकडून) फिरतात. सहाय्यक टेस्ट घेतात, प्रत्येक भूमिकेसाठी मोजके पर्याय निवडून दिग्दर्शकाला पाठवतात. तिथून कॉलबॅक (दुसऱ्या फेरीचं बोलावणं), लुक टेस्ट (पात्राच्या वेशातली चाचणी) आणि शेवटी तारखा ‘लॉक’ होतात. पैशांची बोलणी शेवटी प्रॉडक्शनशी होतात. ही शिडी माहीत असली की आपण कोणत्या पायरीवर आहोत ते कळतं. ‘शॉर्टलिस्ट झालात’ म्हणजे काम मिळालं असं नव्हे. तारखा लॉक झाल्याचा लेखी मेसेज येईपर्यंत दुसरं काम सोडू नका.

ओळखीचा हात इथेही असतो, फक्त तो लहान असतो. ब्रीफ ग्रुपवर पडण्याआधी ओळखीच्या कलाकारांना फोन गेलेले असतात. त्यांना सीन आदल्या दिवशी मिळतो, पात्राचा मागचा-पुढचा संदर्भ कळतो. दारात उभ्या असलेल्याला तोच सीन एका कागदावर दहा मिनिटं आधी मिळतो. त्यामुळे ‘सगळ्यांना सारखी संधी’ हे अर्धंच खरं आहे.

त्या दाराचं चित्र असं: पत्र्याच्या शेडबाहेर कागद चिकटवलेला, ‘पुरुष, 30 ते 40, पोलीस हवालदार, उत्तर भारतीय लहेजा’. दाराशी एक सहाय्यक वही घेऊन बसलेला. तो वर बघतो, दोन सेकंद चेहरा न्याहाळतो आणि म्हणतो ‘नॉट फिट’, की लगेच पुढचा माणूस. नवीन माणसाला हे झोंबतं. पण हा अभिनयावरचा शेरा नसतो, कागदावरच्या वर्णनाशी चेहरा जुळत नाही एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या दारावर वेगळा कागद असतो. म्हणून ब्रीफ पूर्ण वाचा आणि पात्राच्या जवळ जाणारे कपडे पिशवीत ठेवा: एक साधा फिका शर्ट, एक गडद टीशर्ट, एक कुर्ता. बारीक चौकडी आणि कंपनीचा लोगो टाळा, चौकडी कॅमेऱ्यात थरथरते.

हल्ली बहुतेक ठिकाणी दारात जाण्याऐवजी सेल्फ-टेस्ट, म्हणजे स्वतःच शूट केलेली ऑडिशन, मागवतात. करोनानंतर ही पद्धत पक्की झाली आणि बाहेरगावच्या मुलांसाठी ती फार मोलाची आहे. मोबाइल आडवा धरा, ट्रायपॉडवर, डोळ्यांच्या उंचीला. फ्रेम छातीपासून वर, मागे साधी भिंत, आणि भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभे राहा म्हणजे सावली पडत नाही. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. आधी वेगळा परिचय: नाव, वय, उंची, सध्याचं गाव, बोलता येणाऱ्या भाषा, मग डावी-उजवी बाजू, दोन्ही हात, शेवटी पूर्ण उभी फ्रेम. सीन दुसऱ्या फाइलमध्ये, एका सलग टेकमध्ये. क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारा, माणूस लेन्सच्या अगदी शेजारी उभा करा आणि त्याला हळू, भाव न देता वाचायला सांगा. टेस्ट बिघडते ती बहुधा इथेच: क्यू देणारा मोबाइलच्या जवळ असल्याने त्याचा आवाज मोठा येतो आणि तुमचा मागे पडतो. पंखा बंद ठेवा. पार्श्वसंगीत, फिल्टर, शीर्षकं घालू नका. फाइलच्या नावात स्वतःचं नाव, पात्राचं नाव आणि फोन नंबर असू द्या. ती ड्राइव्हवर टाकत असाल तर लिंक ‘कुणालाही पाहता येईल’ अशी आहे ना, ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. परवानगी मागणारी लिंक उघडत बसायला तिथे कुणालाच वेळ नसतो.

आणखी एक गोष्ट: टेस्ट ऑफिसच्या साठ्यात राहते. एका भूमिकेत नाकारलेला माणूस काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी बोलावला जातो. त्यामुळे घाईत केलेली वाईट टेस्ट पाठवण्यापेक्षा ती न पाठवणं बरं.

पैशांबद्दल सरळ नियम आहे: ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन फी, फॉर्म फी, आर्टिस्ट कार्ड, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’, कॉस्च्युमचं डिपॉझिट, रोल पक्का करायला आगाऊ रक्कम, यातलं काहीही मागितलं की निघून जा. सिंटा, म्हणजे कलाकारांची संघटना, तिचं सदस्यत्व थेट संघटनेकडूनच घ्यायचं असतं, मधल्या माणसाकडून नव्हे. मोठ्या कास्टिंग डायरेक्टरच्या नावाने खोटी खाती आणि खोटे मेल सर्रास फिरतात, तेव्हा मेसेज आला की त्या ऑफिसच्या अधिकृत पानावर ब्रीफ आहे का ते बघा. रात्री हॉटेलात किंवा कुणाच्या घरी ‘मीटिंग’ असेल तर जाऊ नका. चांगली ऑफिसं दिवसा आणि चारचौघांत टेस्ट घेतात.

पोर्टफोलिओवर मोठा खर्च वाया जातो. कास्टिंगला सहा ते आठ फोटो पुरतात: समोरून जवळचा, दोन्ही बाजू, कमरेपर्यंतचा, पूर्ण उभा, आणि वेगळ्या वेशात एक-दोन. मेकअप जवळजवळ नको, त्वचा गुळगुळीत करणारं एडिटिंग अजिबात नको. फोटोतला माणूस दारात वेगळाच दिसला तर तिथेच काम हातचं जातं. दाढी काढली, केस कापले, वजन बदललं की फोटो नवे.

कोऑर्डिनेटरची दलाली साधारण 15 ते 25 टक्क्यांच्या घरात असते आणि ती मिळालेल्या पैशांतून द्यायची, आधी नाही. मालिकांमध्ये मानधन कामानंतर 90 दिवसांनी येण्याचा रिवाज आहे, म्हणजे जूनमधल्या कामाचे पैसे सप्टेंबरमध्ये. भाड्याचं गणित याच हिशेबाने मांडा. घराणं असलेल्यापेक्षा बाहेरचा माणूस इथेच जास्त मागे पडतो. टीडीएस (मानधनातून आधीच कापलेला आयकर) 10 टक्के कापला असेल तर तो आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या नावावर दिसतो का पाहा आणि विवरणपत्र भरून जास्तीचा परत मागा, पुष्कळ जण हे पैसे सोडून देतात. जाहिरातीत दिवसाच्या मानधनाइतकंच वापराच्या मुदतीला महत्त्व आहे: एक वर्ष की कायमचं, फक्त डिजिटल की टीव्हीसुद्धा, हे लेखी घ्या. त्या मुदतीत त्याच प्रकारच्या दुसऱ्या मालाची जाहिरात बहुधा करता येत नाही.

मॅनेजमेंटचा करार पुढे आला तर सहीची घाई करू नका. किती वर्षांचा, तुम्ही स्वतः आणलेल्या कामावरही टक्का आहे का, करार संपल्यावर जुन्या कामावर किती काळ टक्का द्यायचा, आणि काम नाही दिलं तर बाहेर पडता येतं का, ही चार कलमं वकिलाला दाखवा. काम न देता तीन वर्षं बांधून ठेवणारा करार हे नवोदिताचं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

नाव नसलेल्याला ओळख कमवायचा एक रस्ता इथे आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: कास्टिंग ऑफिसमध्येच काम धरणं. भूमी पेडणेकर यशराजमध्ये कास्टिंग सहाय्यक होती, 2015 मध्ये ‘दम लगा के हईशा’तून ती पडद्यावर आली. अभिषेक बॅनर्जी कास्टिंग डायरेक्टर म्हणून नाव मिळवल्यावर 2018 च्या ‘स्त्री’ने घरोघरी पोहोचला. दिवसभर दुसऱ्यांना क्यू देताना कोणती टेस्ट का निवडली जाते ते डोळ्यांसमोर घडतं. पगार थोडा असतो, शिक्षण मात्र भरपूर होतं.

मराठी मुलांना मी थेट वर्सोवा सुचवणार नाही. मराठीतही घराणी आहेत: सचिन पिळगावकरांनी 2013 मध्ये ‘एकुलती एक’मधून मुलगी श्रियाला आणलं, लक्ष्मीकांत बेर्डेंचा मुलगा अभिनय 2017 मध्ये ‘ती सध्या काय करते’तून आला. पण मराठीत दिग्दर्शक माणसं शोधायला एकांकिकांच्या प्रेक्षागृहात येऊन बसतात. पुण्यातली पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि मराठी रंगभूमीवरची, पडद्यावरची किती तरी माणसं भरत नाट्य मंदिराच्या त्या फेऱ्यांतून वर आली. फिरोदिया करंडक, सवाई एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी, या सगळ्या ठिकाणी आपल्या कामातूनच ओळख तयार होते. नागराज मंजुळेंनी ‘सैराट’साठी अकलूजची रिंकू राजगुरू निवडली ती तर या सगळ्याच्याही बाहेरून. शिवाय मराठी उच्चार शुद्ध असणं, एखादी बोली अस्सल येणं याला हिंदी सिरीजमध्ये आता मागणी आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलता येत असेल तर परिचयाच्या व्हिडिओत दोन वाक्यं त्या बोलीत बोला.

पृथ्वी थिएटरचा उल्लेख इथे हवाच. शशी आणि जेनिफर कपूर यांनी 1978 मध्ये जुहूला उभं केलेलं हे सुमारे दोनशे आसनांचं नाट्यगृह आहे. सिनेमातल्या सगळ्यात मोठ्या घराण्याने बांधलेल्या या मंचावर कुठलंही आडनाव नसलेल्या शेकडो नटांना उभं राहायला मिळालं. आराम नगरला गेलात तर एक संध्याकाळ तिथल्या प्रयोगाला जा. अनेक कास्टिंग सहाय्यक प्रेक्षकांत असतात.

जायचं कसं: मेट्रोने वर्सोवा स्थानक, तिथून रिक्षा. दुपारी बारा ते सहा ही टेस्टची मुख्य वेळ. पावसाळ्यात गल्ल्यांत पाणी साचतं, तेव्हा ऑडिशनचे बूट पिशवीत ठेवा. आणि पहिला कॉलबॅक येईपर्यंत वर्सोव्यात खोली घेऊ नका. त्या भागातलं भाडं आणि डिपॉझिट वेगळ्याच पातळीवर आहे. डोंबिवली किंवा वसईहून, नाही तर सरळ कोल्हापूर-जळगावहून सेल्फ-टेस्ट पाठवत राहिलात तरी त्याच ऑफिसच्या त्याच फोल्डरमध्ये ती पोहोचते.