सेमी-ऑटो अॅनालायझर: खानापूरच्या एका पावसाळ्यानंतर

मार्चमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या छोट्या लॅबमध्ये सेमी-ऑटो बायोकेमिस्ट्री अॅनालायझर आला, म्हणजे रक्ताच्या टेस्ट मोजणारं मशीन, ज्यात सॅम्पल आणि रीएजंट (टेस्टचं रसायन) हाताने मिसळावं लागतं. आता दिवाळी झाली, अख्खा पावसाळा त्याने इथे काढला, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक मशीनचं पोट सारखंच असतं: हॅलोजन दिवा, 340 ते 630 नॅनोमीटरचे फिल्टर, 37 अंशांवर राहणारा फ्लो सेल (प्रकाश ज्यातून जातो ती सॅम्पलची छोटी कुपी) आणि नळी दाबत सॅम्पल ओढणारा पेरिस्टाल्टिक पंप.

सगळ्यात मोठा फायदा कायनेटिक टेस्टचा, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग मोजणाऱ्या टेस्टचा. एसजीपीटी या यकृताच्या टेस्टमध्ये रीएजंटमधलं एनएडीएच हे रसायन खर्च होत जातं आणि 340 नॅनोमीटरवरचं प्रकाशाचं शोषण मिनिटागणिक उतरतं. तो उतार मोजायचा तर तापमान स्थिर हवं आणि घड्याळ अचूक हवं. जुन्या कलरीमीटरवर (रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या साध्या मशीनवर) हे होत नव्हतं, सॅम्पल बेळगावला जायचं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून काविळीचे पेशंट येतात. त्यांना आता बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि एसजीपीटी त्याच दुपारी मिळतं, शेवटची बस चुकत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मला हे मशीन मनापासून आवडलं.

पण आकडा बरोबर येतो तो मशीनच्या आधी, पिपेटच्या (मोजून द्रव सोडणाऱ्या साधनाच्या) टोकाशी. साखरेच्या जीओडी-पीओडी या दोन एन्झाइमच्या पद्धतीत 1000 मायक्रोलिटर रीएजंटला फक्त 10 मायक्रोलिटर सिरम (रक्त गोठल्यावर वर येणारा द्रव) लागतं, मग 37 अंशांवर दहा मिनिटं आणि 505 नॅनोमीटरवर रीडिंग. त्या दहात एक मायक्रोलिटर जास्त गेला तर 110 मिलिग्रॅम/डेसिलिटरची साखर 121 च्या आसपास दिसणार, आणि स्क्रीनवर कुठलाही इशारा येणार नाही. म्हणून आम्ही अधूनमधून पिपेट घेऊन ओळखीच्या सराफाकडे जातो. दहा मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळजवळ दहा मिलिग्रॅम. दहा वेळा सोडून त्यांच्या मिलिग्रॅम काट्यावर शंभरच्या जवळ आलं की जिवाला बरं वाटतं. बजेट कमी असेल तर टचस्क्रीनवाल्या मॉडेलऐवजी साधं घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या पिपेटवर घाला, असं माझं ठाम मत आहे.

आता पाऊस. जुलैत इथे भिंतींना ओल येते, तशी ती फिल्टरवरही बसते. आमच्या 340 च्या फिल्टरवर बुरशीचा धूसर थर धरला आणि ब्लँकचं (सिरम न घातलेल्या नमुन्याचं) रीडिंग स्थिर राहीना. सर्व्हिस इंजिनिअरने फिल्टर बदलला. तेव्हापासून मशीनवर कव्हर, शेजारी सिलिका जेल आणि सुट्टीच्या दिवशीही थोडा वेळ मशीन चालू, असं ठेवलंय. करंटचं म्हणाल तर यूपीएस नसेल तर हे मशीन घेऊच नका. कायनेटिक टेस्ट अर्ध्यावर तुटली की रीएजंट आणि सिरम दोन्ही फुकट जातात.

रीएजंट 2 ते 8 अंशांत राहायला हवेत. फ्रीज किती वेळ बंद होता हे नेहमी कळतंच असं नाही, पण रीएजंट सांगतो. साखरेचा रीएजंट आधीच गुलाबी दिसला, किंवा एसजीपीटीच्या ब्लँकचं शोषण रीएजंटसोबतच्या पत्रकातल्या मर्यादेखाली गेलं, तर ती बाटली आम्ही ओतून टाकतो. सकाळी कंट्रोल सिरम (ज्याचे आकडे आधीच माहीत असतात) लावल्याशिवाय पेशंटचं सॅम्पल घेत नाही आणि त्या कंट्रोलचा ठिपका लेव्ही-जेनिंग्स तक्त्यावर, म्हणजे रोजच्या कंट्रोलच्या आलेखावर पडतो. 1950 पासूनची ही पद्धत, साधा आलेख कागद पुरतो. सलग ठिपके एकाच बाजूला सरकू लागले की पेशंटच्या रिपोर्टवर परिणाम दिसण्याआधीच सावध होता येतं.

एकक निवडायची सोय मशीनमध्ये आहे, ती कोणी चुकून बदलणार नाही अशी लॉक करून घ्या. इथल्या एका काकांचा मुलगा इंग्लंडला असतो. त्याला साखर मिलिमोलमध्ये कळते, म्हणून त्यांच्या रिपोर्टवर 110 शेजारी 6.1 लिहून देतो, म्हणजे 18 ने भागून. क्रिएटिनिनला (मूत्रपिंडाची टेस्ट) मात्र 88.4 ने गुणावं लागतं, 1.2 मिलिग्रॅम/डेसिलिटरचे 106 मायक्रोमोल/लिटर होतात. एककाशिवाय नुसता आकडा फोनवर कोणालाही सांगू नका.

आतल्या प्रिंटरचा थर्मल कागद पुसट होत जातो, त्यामुळे नोंद वहीत करावीच लागते. पंपाची नळी सप्टेंबरमध्ये सैल पडली, सॅम्पल कमी ओढलं जाऊ लागलं. घेतानाच एक जादा नळी आणि एक दिवा मागून घ्या, पावसात सुटे भाग यायला फार वेळ लागतो.